अंगणातील मांडव : चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एका साध्या बांधणीचा इतिहास

बीजशब्द : मांडव, निस्तार, वाजिब-उल-अर्ज, बुरूड, गोटुल, बांबू, सामूहिक वनहक्क

प्रस्तावना

चंद्रपूरच्या इतिहासाविषयी लिहिताना अभ्यासकाची लेखणी साहजिकच दगडाकडे वळते. शहराभोवतीचा परकोट, अंचलेश्वराचे मंदिर, राणी हिराईने बांधविलेली बीरशहाची समाधी, बल्लारपूरचा किल्ला, जुनोन्याच्या तलावाकाठचा जलमहाल ही गोंडकालीन वास्तूंची यादी प्रत्येक पुस्तकात येते आणि ती यावयासच हवी. परंतु ज्या बांधणीखाली या प्रदेशातील बहुसंख्य लोकांची लग्ने लागली, गावाच्या बैठका झाल्या, धानाची रास मोजली गेली आणि वैशाखातल्या दुपारी म्हातारी माणसे बाज टाकून पडून राहिली, ती बांधणी दगडाची नव्हती. ती चार किंवा नऊ खांबांवर उभी असलेली, भिंती नसलेली, वर पाला किंवा तणीस अंथरलेली अशी होती. मराठीत तिला मांडव म्हणतात. झाडीपट्टीच्या बोलीत मांडो. अलीकडे ताडोब्याच्या आसपासच्या निवासांमधून तिच्याच शहरी भावंडाला ‘गझिबो’ म्हणू लागले आहेत. हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या मध्यास आढळतो आणि त्याच्या व्युत्पत्तीविषयी तिकडच्या कोशकारांत एकमत नाही. आपल्या मांडवाची व्युत्पत्ती मात्र सरळ आहे : मंडप, मांडव, मांडो.

अशा बांधणीचा इतिहास लिहावयाचा कसा, हा पहिला प्रश्न. तिचा एकही जुना अवशेष मिळत नाही. शिलालेखात तिचा उल्लेख असण्याचे कारण नाही. भाषेत मात्र तिच्या खुणा आहेत. मुहूर्तमेढ, मांडवडहाळे, मांडवपरतणे हे शब्द आणि एखाद्या प्रसंगाच्या मांडवाखालून जाण्याचा वाक्प्रचार आजही जिवंत आहेत. भाषेखेरीज दुसरे एक साधन आहे, ते म्हणजे जंगलाचा कायदा. मांडवाला लाकूड लागते, बांबू लागतो, दोर लागतो. आणि या दोन जिल्ह्यांत गेल्या दीडशे वर्षांत यांपैकी प्रत्येक वस्तूवर कोणाचा ना कोणाचा हक्क लिहिला गेला आहे. जमाबंदीचे अहवाल, निस्तारपत्रके आणि वनकायदे यांत मांडवाचे नाव क्वचितच येते, पण मांडव उभा राहील की नाही हे त्यांतच ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वळले ते एका घरगुती निमित्ताने. घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे येथील बोलीत सांदवाडीत, बसण्यासाठी बारा फूट चौरस असा बांबूचा मांडव करावा असे ठरविले. कागदावर आराखडा काढला, खांबांची संख्या ठरविली, आणि ओळखीतल्या एका वयोवृद्ध बुरूड कारागिरांना बोलाविले. आराखडा त्यांनी पाहिलाही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “बांबू कोटून आनता जी, सर?” लांबी-रुंदी, रोजी, दिवस किती लागतील, या सर्व गोष्टी नंतर आल्या. इतिहासाच्या अध्यापकाला आपल्या विषयाचे मर्म असे सांदवाडीत कोणी सांगितले तर त्याने ते टिपून ठेवणे भागच आहे.

मांडवाची बांधणी

मांडवाचे दोन प्रकार स्थूलमानाने करता येतील. एक प्रसंगाचा, दुसरा ऋतूचा. लग्नाचा मांडव हा प्रसंगाचा. त्यासाठी भाऊबंद बैलगाड्या घेऊन जंगलात जात, जांभळाचे डहाळे तोडून आणीत, आणि वाजतगाजत गावात शिरत. जांभळाचा पाला दाट असतो, तोडल्यावरही काही दिवस हिरवा राहतो आणि त्याखाली गारवा टिकतो. हा निव्वळ संकेत नसून अनुभवाने केलेली निवड होय. गोंड समाजात मोहाच्या झाडाला असलेला मान मांडवातही दिसतो; अनेक गावांत मांडवाच्या मध्यभागी मोहाची फांदी रोवतात. ऐनाचे झाड तर बडादेवाचे स्थान मानले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात विवाहविधींची जी वर्णने आहेत, त्यांत मांडव हे जवळजवळ प्रत्येक जातीच्या विवाहाचे अविभाज्य अंग म्हणून येते.

दुसरा प्रकार ऋतूचा. उन्हाळ्यात घरापुढे सावलीसाठी आणि पावसाळ्यात वेल चढविण्यासाठी घातलेला मांडव हा रोजच्या वापरातला. त्याची बांधणी अधिक टिकाऊ असावी लागते. खांबासाठी बेचकी असलेली बल्ली निवडतात, म्हणजे आडवे लाकूड खिळ्याशिवाय त्या बेचकीत बसते. त्यावर बांबू, बांबूवर कमच्यांची चौकट, आणि तिच्यावर तट्टा, गवत किंवा तणीस. बांधण्यासाठी पळसाच्या मुळीचा किंवा माहुलवेलीच्या सालीचा दोर. लोखंडाचा तुकडाही न वापरता उभी राहणारी ही रचना आहे, आणि तिच्यातील प्रत्येक सांधा सोडून पुन्हा बांधता येतो.

या दोन जिल्ह्यांत मुख्यत्वे मानवेल बांबू आढळतो. तो जवळजवळ भरीव असल्याने खांबाला व काठीला चालतो. कटांग बांबू जाड आणि पोकळ. तो नदीनाल्यांच्या काठी व गावांच्या आसपास मिळतो. बांबू पावसाळ्यात तोडावयाचा नाही, कोवळा तोडावयाचा नाही, तोडल्यावर काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावयाचा, हे नियम कारागिरांना तोंडपाठ आहेत. त्यांतील शेवटच्या नियमामागचे कारण असे की बांबूतील पिठूळ अंशामुळे त्याला घुण लागतो आणि तो अंश पाण्यात ठेवल्याने कमी होतो. एवढे करूनही प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला तर साधारण दोन वर्षांच्या आत बुडाशी कुजतो. छपराखाली, मातीपासून दूर असेल तर चार ते सात वर्षे टिकतो. म्हणून मांडवाचे खांब बांबूचे करीत नाहीत. ते लाकडाचे करतात आणि त्यांचे बूड भाजून घेतात. जळक्या बुडाला उधई लवकर लागत नाही.

येथेच लाकडाच्या जातीचा प्रश्न येतो, आणि तो महत्त्वाचा आहे. सागवानाला उधई सहसा लागत नाही. ऐन व धावडा बळकट खरे, पण जमिनीत ते सागवानाइतके टिकत नाहीत. हलक्या लाकडाची गोष्टच नको. म्हणजे ज्याला सागवान मिळते त्याची बांधणी पिढीभर टिकते आणि ज्याला मिळत नाही त्याला ती दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. आदिवासी व ग्रामीण वास्तूंविषयी लिहिताना त्या ‘नाशिवंत’ असतात असे सहज म्हटले जाते, जणू तो त्या लोकांचा स्वभावच आहे. चांद्याच्या जंगलात उत्तम सागवान होते. ते लोकांच्या दारात उभे होते. मग त्यांच्या मांडवांचे व घरांचे खांब कुजक्या लाकडाचे का असावेत? याचे उत्तर निसर्गात नाही, कायद्यात आहे.

मालगुजार, जमीनदार आणि सरकारी जंगल

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. मेजर लूसी-स्मिथ यांनी १८६९ मध्ये पूर्ण केलेल्या जमाबंदीने मालगुजारांना गावांचे मालक ठरविले. गावच्या सीमेतील पडीक जमीन आणि झाडझाडोराही बहुतांशी त्यांच्याकडे गेला. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात जमीनदाऱ्या होत्या. त्यांत अहेरी सर्वांत मोठी. धानोरा, मुरूमगाव, रांगी, पोटेगाव इत्यादी लहान. यांखेरीज जे विस्तीर्ण जंगल उरले ते सरकारने राखून ठेवले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी त्या राखणीला कायद्याचे रूप दिले.

रयतेच्या गरजा मात्र संपल्या नव्हत्या. घर, नांगर, गाडी, कुंपण, मांडव, सरण यांसाठी लाकूड लागतच होते. या गरजांना मध्य प्रांताच्या महसुली भाषेत ‘निस्तार’ हे नाव मिळाले. गावात चालत आलेल्या प्रथांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात केली जाई. मालगुजारी गावात रयतेला घरगुती वापरासाठी साधे लाकूड, काटेरी झुडूप व गवत घेण्याची मुभा सामान्यतः असे. मोलाचे लाकूड मालगुजाराचे. सरकारी जंगलात घरामागे वार्षिक ठरीव रक्कम भरून किंवा गाडीमागे परवाना काढून माल आणावा लागे, आणि सागवानासारखी जात बहुधा त्या सवलतीच्या बाहेर राही. एकाच झाडाखाली जन्मलेल्या माणसाला त्या झाडाचा खांब विकत घ्यावा लागणे हा अनुभव येथून सुरू होतो.

या व्यवस्थेत मजुरीचाही एक पदर होता, ज्याकडे आपले लक्ष कमी जाते. मालगुजाराच्या वाड्यात कार्य निघाले की गावातील माणसांनी मांडव घालावयाचा, डहाळे आणावयाचे, पाणी भरावयाचे, हे गृहीतच असे. साहेबाचा हिवाळी दौरा आला की तळावर सावली, गवत, लाकूड आणि ओझी वाहणारी माणसे पुरविणे हेही गावाचेच काम. याला बेगार म्हणत. विल्फ्रिड ग्रिगसन यांनी १९४४ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावर लिहिलेला अहवाल वाचताना हे जाणवते की जंगलावरील निर्बंध आणि बेगार ही एकाच दुखण्याची दोन अंगे होती. म्हणजे ज्याला स्वतःच्या अंगणात मांडव घालण्यासाठी लाकूड मागावे लागे, तोच माणूस दुसऱ्याच्या अंगणात विनामूल्य मांडव घालीत होता.

स्वतःच्या घरचा मांडव मात्र बेगारीचा नव्हता. तेथे मराठी मुलखात इर्जिक म्हणून ओळखली जाणारी पद्धत चाले. आज माझ्याकडे तुम्ही या, उद्या तुमच्याकडे मी येईन. मोबदला म्हणजे एक वेळचे जेवण. दोन्ही ठिकाणी पैसा दिला जात नव्हता, परंतु एक श्रम परत मिळणारा होता आणि दुसरा न मिळणारा. आर्थिक इतिहासात या दोहोंना ‘विनावेतन श्रम’ अशा एका खान्यात टाकले जाते तेव्हा फार मोठी गफलत होते, असे वाटते.

१९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास मार्गाचा दुवा जुळला. चांद्याच्या लाकडाला त्यामुळे दूरची बाजारपेठ मिळाली. पुढच्याच वर्षी, १० जुलै १९३० रोजी, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रहाला प्रारंभ केला. गवत हे वैरण आहे तसेच छपरही आहे, ही गोष्ट त्या सत्याग्रहाविषयी बोलताना विसरू नये.

मालकी बदलली, परवाना राहिला

मध्य प्रदेश शासनाने १९५० मध्ये केलेल्या कायद्याने मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आल्या. या घटनेचे स्वागत सर्वत्र झाले आणि ते रास्तच होते. परंतु मालगुजारांची व जमीनदारांची जंगले गावांकडे न जाता शासनाकडे आली आणि कालांतराने वनखात्याच्या ताब्यात गेली. मालगुजाराशी भांडता येत होते, त्याची मनधरणी करता येत होती. आता समोर कचेरी आली.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ पासून पुढे निस्तारपत्रकाची व कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. विदर्भाच्या जुन्या महसुली परंपरेचा हा वारसा होय. कागदावर हक्क असा शिल्लक राहिला. व्यवहारात तो निस्तार डेपोत रूपांतरित झाला. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दराने बांबूचे नग आणि जळाऊ लाकडाचे बीट तेथे मिळावे अशी अपेक्षा. त्याच सुमारास १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आला. त्यानुसार अनुसूचीतील झाड स्वतःच्या शेतातले असले तरी तोडण्यास परवानगी आवश्यक झाली. या कायद्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. लाकूड व्यापाऱ्यांच्या लुटीपासून आदिवासी खातेदारांचे रक्षण व्हावे यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदाही करण्यात आला. परंतु लुटारू व्यापारी आणि दोन खांब हवे असलेला शेतकरी या दोघांना एकाच खिडकीपुढे उभे केले की काय होते, हे या भागातील कोणीही सांगू शकेल.

दुसरीकडे बांबू गावाबाहेर जात होता. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ मध्ये स्थापन झाला. त्याला कच्चा माल म्हणून बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत राहिला. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि सागवानाच्या रोपवनांना वेग आला. बल्लारपूरच्या आगारात येथील सागवान रचले जाते व देशभर जाते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड येथूनच पाठविण्यात आले; त्याची शोभायात्रा २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूर-चंद्रपुरातून निघाली, आणि ती पाहण्यास लोटलेल्या गर्दीला आपल्या भागातील लाकडाचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. आलापल्लीच्या ‘वनवैभव’ या लहानशा राखीव तुकड्यातील उंच सागवृक्ष पाहिले म्हणजे या लाकडाची थोरवी पटते. २०१४ मध्ये त्या तुकड्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

मेंढ्याचा गोटुल

आता ज्या घटनेसाठी हा लेख मुख्यत्वे लिहिला तिच्याकडे वळू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्या वेळी इंचमपल्ली व भोपालपटनम या धरण प्रकल्पांमुळे मोठे जंगल आणि अनेक गावे बुडणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते. धरणे मागे पडली. पण आंदोलनात एकत्र आलेल्या गावांना एक प्रश्न चिकटला : जंगल वाचले, ते कोणासाठी?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे असेच एक लहान गोंड गाव. देवाजी तोफा हे गावातील कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे सोबती. गावाने आपल्या परंपरेचा धांडोळा घेताना गोटुल पुन्हा उभारण्याचे ठरविले. गोटुल या संस्थेविषयी बाहेरच्या जगात जे माहीत आहे ते प्रामुख्याने व्हेरियर एल्विन यांच्या १९४७ च्या बस्तरमधील मुरियांवरील ग्रंथामुळे, आणि त्यातील तरुण-तरुणींच्या सहजीवनाच्या वर्णनावरच वाचकांची नजर खिळून राहिली. गडचिरोलीत गोटुल म्हणजे गावाची बैठक, पाहुण्याचा निवारा, सणाची जागा आणि शिक्षणाचे स्थान होय. वास्तू म्हणून पाहिले तर तो गावाच्या अंगणातला मोठा मांडवच आहे, फक्त कायमचा.

कायमचा करावयाचा म्हणून गावाने प्रथेप्रमाणे जंगलातून सागवान आणले. सर्वांनी मिळून बांधणी केली. कोणी मजूर लावला नाही, कोणाला ठेका दिला नाही. वनखात्याने त्याला हरकत घेतली. राखीव जातीचे लाकूड विनापरवाना तोडले हा गुन्हा होता. गावाने लाकूड देण्यास नकार दिला. मग पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात गोटुल पाडण्यात आला आणि लाकूड नेण्यात आले.

पुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे. परिसरातील बत्तीस गावांचे प्रतिनिधी जमले. शासनाने आडकाठी चालूच ठेवली तर प्रत्येक गावात गोटुल बांधू, असे त्यांनी एकमताने ठरविले. मेंढ्यात गोटुल पुन्हा उभा राहिला आणि सोबतीने आणखी बारा गावांत उभे राहिले. या वेळी ते पाडण्यास कोणी आले नाही.

या प्रसंगाकडे केवळ आंदोलनाचा एक टप्पा म्हणून पाहिले जाते. वास्तुइतिहासाच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गावाने जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला असता तर वनरक्षकाने डोळेझाक केली असती. तशी डोळेझाक पूर्वापार होत आली होती. हरकत होती ती सागवानाला, म्हणजे टिकाऊपणाला. तात्पुरते बसण्यास मनाई नव्हती, कायमचे बसण्यास होती. गावाने सागवानाचा आग्रह धरला याचे कारण प्रतीकात शोधण्याची आवश्यकता नाही. ज्याला दर तीन वर्षांनी खांब बदलावे लागतात त्याला दुसऱ्या कामाला सवड मिळत नाही, हे कोणताही शेतकरी जाणतो.

त्यापुढचा प्रवास बहुतेकांना परिचित आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा, सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा, गावाचे अभ्यासमंडळ, आणि कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा हा वाद उरला. वनखात्याच्या दृष्टीने बांबू हे लाकूड होते, ग्रामसभेच्या दृष्टीने गौण वनोपज. वनस्पतिशास्त्राने बांबूला केव्हाच गवताच्या कुळात घातले होते, पण शास्त्राला कचेरीत कोण विचारतो! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. खासगी जमिनीवरील बांबूला वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यास नोव्हेंबर २०१७ चा अध्यादेश यावा लागला.

कारागीर

या सर्व इतिहासात एक माणूस कडेला उभा आहे, तो म्हणजे बुरूड. बांबूच्या कामावर पोट असलेल्या या जातीची वस्ती चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, आरमोरी, वडसा अशा बाजाराच्या गावांत आढळते. सूप, टोपली, डाली, तट्टे ही त्यांची नित्याची कामे. धानाच्या प्रदेशात त्यांना मागणी असे आणि हंगामात धानच मिळे. मांडवाची चौकट गावकरी उभी करीत, पण तट्टा विणणे हे बुरडाचेच काम. जंगल ग्रामसभेला मिळाले तेव्हा त्याचा लाभ गावातील रहिवाशांना झाला, आणि ते योग्यच होते. बाजाराच्या गावात राहणारा बुरूड त्या ग्रामसभेचा सदस्य नसतो. पूर्वी तो डेपोच्या रांगेत उभा होता; आता काही ठिकाणी लिलावात मोठ्या व्यापाऱ्याशी त्याची गाठ पडते. सामूहिक हक्काच्या चर्चेत या प्रश्नाला जितकी जागा मिळावयास हवी तितकी मिळालेली नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

मागणीही बदलली. लग्नाचा मांडव आता बिछायत केंद्राकडून येतो. लोखंडी पाइप, कापड, खुर्च्या, पंखे हे सर्व एका फोनवर ठरते, आणि सकाळी उभा केलेला मांडव दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जातो. झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडपही याच मार्गाने गेले. शंकरपटाच्या रात्री वडशाच्या मंडळींचा प्रयोग पाहण्यास गावेच्या गावे लोटतात, तो कनातींचा मंडप भाड्याचाच असतो. याविषयी हळहळणे सोपे आहे. परंतु भाड्याच्या मांडवाने बेगारही संपविली, आणि कोणत्याही जातीच्या माणसाला पैसे मोजून तोच मांडव मिळू लागला, ही गोष्ट डहाळ्यांच्या आठवणीत रमताना नजरेआड होता कामा नये. घरापुढची सावली टिनाच्या शेडने व हिरव्या जाळीने घेतली. टिनाखाली मे महिन्यात बसता येत नाही, पण ते कुजत नाही.

बांबूला नवी प्रतिष्ठा मिळवून देण्याचे शासकीय प्रयत्न झाले आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. बांबूच्याच सुंदर वास्तूसाठी ते प्रसिद्ध होते; फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या वास्तूला मोठी आग लागली.

प्रस्तुत लेखकाच्या मांडवाविषयी सांगून विषय संपवितो. कारागिरांनी ठेक्याने काम घेण्यास नकार दिला. ठेक्यात घाई होते आणि घाईत गाठ सैल राहते, असे त्यांचे म्हणणे. रोजी ठरली, सोबत त्यांचा पुतण्या आणि एक मजूर. खांबांसाठी त्यांनी सागवानाचे जुने खांब शोधण्यास सांगितले होते. पाडलेल्या घराचे लाकूड विकत मिळते आणि त्याला नवा परवाना काढण्याची दगदग नसते, असा त्यांचा अनुभव. घाई आमचीच होती. बाजारातून साध्या लाकडाच्या बल्ल्या आणल्या, बूड भाजण्याऐवजी जळके ऑइल फासले. पाचव्या दिवशी मांडव उभा राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात नऊपैकी दोन खांब बुडाशी पोकळ निघाले, हाताने ढकलले तर हलू लागले. कारागिरांना पुन्हा बोलाविले. त्यांनी बोल लावला नाही; फक्त खांबाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकविला.

बांबू मात्र आजही शाबूत आहे. तो त्यांच्याच सल्ल्याने धानोरा तालुक्यातील एका ग्रामसभेकडून आणला होता. नगांची संख्या, गाडीचा क्रमांक आणि दिनांक लिहिलेला वाहतूक परवाना गावातील एका तरुणीने ग्रामसभेच्या घरात बसून लिहून दिला. तो लिहिताना तिने प्रथम वहीत पाहून त्या वर्षी किती बांबू तोडावयाचा ठरला आहे आणि किती उरला आहे याची बेरीज केली, आणि मागितलेल्या ऐंशीऐवजी सत्तरच नग मिळतील असे सांगितले. आराखड्यातील एक बाजू त्यामुळे उघडी राहिली. सायंकाळचे ऊन तिकडून येते.